लेकरू लंगडतंय, पाय दुखतोय म्हणतंय : कधी थांबायचं, कधी लगेच निघायचं



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले, की चहाच्या वेळी एखादी ताई हळूच विचारते. "मॅडम, पोराचे पाय धनुष्यासारखे का दिसतात?" "रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडतो अन् सकाळी उड्या मारतो, नाटक करतो का?" "सुनेला मुलगा झाला, पण पाऊल आत वळलंय, कुणाला दाखवलं नाही अजून." मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. औषध सांगणं माझं काम नाही. पण कोणत्या तक्रारीला घरी थांबलं तरी चालतं, कोणत्या तक्रारीला या आठवड्यातच दवाखाना गाठायचा आणि कोणत्या तक्रारीला रात्रीच निघायचं, एवढं तरी प्रत्येक आईला आणि आजीला माहीत असायला हवं.

आधी हाडाबद्दल थोडं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या हाडांचा बराच भाग मऊ कुर्चेचा असतो. आपल्या कानाचा वरचा भाग हाताने दुमडतो ना, तसा. हाडाच्या टोकाजवळ वाढीचा एक थर असतो, तिथून हाड लांबीला वाढतं. म्हणून लहानपणी वाकडं पाऊल वळवून सरळ करता येतं आणि मोडलेलं हाड लवकर जुळतं. पण त्या वाढीच्या थरालाच इजा झाली किंवा तिथे पू झाला, तर हात-पाय आखूड किंवा वाकडा राहू शकतो. लहान मुलाच्या हाडाला वेळ फार महत्त्वाची आहे, ती यासाठी.

ताप आणि लंगडणं एकत्र आलं तर

सगळ्यात तातडीची गोष्ट आधी सांगते. मुलाला ताप आहे आणि ते एका पायावर भारच देत नाही, किंवा एक हात हलवू देत नाही, तर सकाळची वाट बघू नका. सांध्यात किंवा हाडात जंतू शिरून पू झालेला असू शकतो. खुबा, गुडघा, खांदा अशा सांध्यात पू साठला की तो आतली कुर्चा खातो, आणि एकदा गेलेली कुर्चा परत येत नाही. दोन-चार दिवस हळद-तेल चोळण्यात, बाम लावण्यात किंवा 'पडला असेल, मुरगळला असेल' म्हणण्यात गेले, तर पोर जन्मभर लंगडू शकतं. वेळेत पू काढला आणि शिरेतून औषध सुरू झालं, तर बहुतेक मुलं चांगली बरी होतात.

तान्ह्या बाळात हे ओळखणं अवघड असतं. बाळ बोलत नाही. कधीकधी ताप पण फारसा नसतो. पण लंगोट बदलताना एक पाय उचलला की किंचाळतं, तो पाय हलवतच नाही, दूध ओढत नाही. कमी वजनाच्या बाळाच्या किंवा जन्मानंतर अतिदक्षता विभागात राहून आलेल्या बाळाच्या बाबतीत जास्तच लक्ष ठेवा. अशा वेळी सांधा चोळायचा नाही आणि शेकायचा नाही, १०८ ला फोन करून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचं.

याच्याच शेजारची एक गोष्ट. दुखत नाही, पण मुलाचा पाय किंवा हात अचानक लुळा पडला, तर तेही त्याच दिवशी आशाताईला कळवा. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी १५ वर्षांखालच्या मुलाला असा अचानक लुळेपणा आला की सरकारी यंत्रणा त्याची नोंद घेऊन शौचाचा नमुना तपासते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोलिओ परत आलेला नाही ना, हे बघण्याची ती पद्धत आहे.

जन्मतः आत वळलेलं पाऊल

याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. पाऊल आतल्या बाजूला आणि खाली वळलेलं असतं, तळवा दुसऱ्या पायाकडे बघतो. साधारण हजार बाळांमागे एका बाळाला असं होतं. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त, आणि जवळजवळ निम्म्या बाळांची दोन्ही पावलं वळलेली असतात.

कारण नक्की सापडलेलं नाही, थोडा भाग घराण्यातून येतो. पण कारण काय *नाही*, ते मी ठामपणे सांगू शकते. ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे होत नाही, दोर ओलांडला म्हणून होत नाही, सुनेने ऐकलं नाही म्हणूनही होत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ओल्या बाळंतिणीला आधीच झोप नसते, अंगात रक्त नसतं, त्यात "तूच काहीतरी केलंस" हे ऐकून ती बाळ पदराखाली झाकून ठेवते. मग बारशाला दाखवत नाहीत, अंगणवाडीत नेत नाहीत आणि उपचाराचे सगळ्यात सोपे दिवस निघून जातात. गटात कुणाच्या सुनेबद्दल असं बोलणं निघालं, तर तिथंच थांबवा. आजीचा शब्द घरात चालतो. आजीनंच हे सांगितलं तर माझ्या दहा भेटींचं काम एका दिवसात होतं.

घरी एवढं बघा : बाळाचं पाऊल हळूच हाताने सरळ केलं तर सहज सरळ होतं का? होत असेल, तर ते पोटातल्या अडचणीमुळे वळलेलं असतं आणि बहुतेक वेळा आपोआप सुधारतं. पाऊल कडक असेल, सरळ होतच नसेल, तर तो क्लबफूट असण्याची शक्यता जास्त. दोन्हीत दाखवायचंच. मालिशीने कडक पाऊल सरळ होत नाही, कितीही महिने केली तरी.

उपचार मात्र फार चांगला आहे. पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत १९५० च्या सुमारास ही पद्धत बसवली, आता जगभर हीच वापरतात. जन्मल्यावर एक-दोन आठवड्यांत सुरू केली तर सगळ्यात सोपं. डॉक्टर दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं लागतात. मग बहुतेक बाळांना टाचेच्या वरची ताठ झालेली शीर एका बारीक छेदाने सैल करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. मोठं ऑपरेशन सहसा लागत नाही. बाळ चार-सहा महिन्यांचं झालं असेल, किंवा चालायला लागलं असेल, तरी "आता उशीर झाला" म्हणून घरी बसू नका, त्या वयातही याच पद्धतीने पुष्कळ फरक पडतो.

प्लास्टर घातल्यावर रोज बोटं बघायची. ती गुलाबी आणि कोमट हवीत. निळी, पांढरी, गार किंवा सुजलेली दिसली, बाळ थांबतच नसेल, किंवा प्लास्टर खाली सरकून बोटं आत गेली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता परत जायचं.

प्लास्टर निघालं, पाऊल सरळ दिसलं, घरात पेढे वाटले, की खरी परीक्षा सुरू होते. दोन बूट आणि त्यांना जोडणारी दांडी, असं ते साधन असतं. पहिले तीन महिने दिवसातले २३ तास घालायचं, फक्त आंघोळीला काढायचं. नंतर फक्त झोपेच्या वेळी, पण ते चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. चार-पाच *वर्षं*, तायांनो. पहिले दोन दिवस बाळ रडतं, शेजारणी म्हणतात "काय छळ मांडलाय लेकराचा", आणि बूट माळ्यावर जातात. पाऊल परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. बाळ का रडतं ते आधी बघा : मोजा दुमडलाय का, टाच नीट खाली बसलीय का, कातडी लाल झालीय का. दांडीला जुन्या कापडाची गुंडाळी करा म्हणजे बाळालाही लागणार नाही आणि तुम्हालाही. बूट लहान झाले की नवे मागून घ्यायचे.

आता अडचणीचं बोलू, कारण ती खरी आहे. दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे आईचा एक रोज बुडतो, सोबतच्या माणसाचा बुडतो. एसटीत आपल्याला मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तरी चहा-नाश्ता, रिक्षा धरून पाच-सहा खेपांचे पैसे होतातच. आणि ज्या घरांनी कोयत्याची उचल घेतली आहे, त्यांची बाळंतीण दिवाळीनंतर फडावर निघते, नेमकी प्लास्टरच्या मध्यावर. मुकादम थांबत नाही, बाळाचं पाऊलही थांबत नाही. माझं मत स्पष्ट सांगते : प्लास्टरचे दीड-दोन महिने आईने गावातच थांबावं, आणि त्यासाठी गटाने अंतर्गत कर्ज द्यावं. बियाणाला, लग्नाला आपण कर्ज देतो, मग यालाही द्यावं. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तो अशाच वेळेसाठी असतो. एका गावात गटातल्या बायकांनी पाळी लावली, दर आठवड्याला एक बाई बाळंतिणीसोबत गेली, कुणाचाच दोनदा रोज बुडाला नाही. बुटांवर आलेलं बाळ मात्र कोपीवर नेता येतं, फक्त बूट आणि दवाखान्याचे कागद पाल-भांड्यांसोबत पहिल्यांदा बांधा, आणि कारखान्याजवळ कोणत्या रुग्णालयात दाखवायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

खुबा, दुपटं आणि मालिश

काही बाळांचा, त्यात मुलींचा जास्त, खुब्याचा सांधा जन्मतः सैल असतो किंवा खोबणीतून सरकलेला असतो. पायाळू बाळात याची शक्यता वाढते. दुखत नाही म्हणून कळत नाही. लंगोट बांधताना एक मांडी दुसरीएवढी उघडत नाही, एक पाय आखूड वाटतो, मांडीच्या घड्या दोन्हीकडे सारख्या नसतात. सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुतेकांचं काम पट्ट्यांवर भागतं. चालायला लागल्यावर, पोर एका बाजूला झुकून चालतंय म्हणून कळलं, तर ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळणं या सांध्याला वाईट. 'पाय सरळ होतात' हा समज आहे. वर हवं तर गुंडाळा, पण कमरेखाली सैल ठेवा, बेडकासारखे पाय दुमडता आले पाहिजेत. आपण बाळ कडेवर घेतो, दोन्ही पाय फाकवून, ते मात्र खुब्याला एकदम चांगलं. मालिशीला माझा विरोध नाही. हलक्या हाताने तेल लावलं की बाळ शांत झोपतं. पण पाय धरून उलटं लटकवणं, हात-पाय पिरगाळून कट्कन आवाज काढणं बंद करा.

वाकडे पाय आणि मुडदूस

नुकतं चालणाऱ्या बाळाचे पाय दोन वर्षांपर्यंत धनुष्यासारखे असणं नेहमीचं आहे. पुढे तीन-चार वर्षांचं झालं की उलट होतं, गुडघे एकमेकांना लागतात. सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांचे सरळ होतात. लहान मुलाचा तळवा सपाट असणं पण तसंच, महागडे बूट घ्यायची गरज नाही.

दाखवायचं कधी? वाकडेपणा एकाच पायाला असेल, दर महिन्याला वाढत असेल, उंची खुंटली असेल, किंवा सोबत मुडदुसाची लक्षणं असतील तेव्हा. मुडदुसात मनगटं जाड होतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, टाळू भरायला उशीर होतो, दात उशिरा येतात, चालणं लांबतं. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडल्याने हाड कडक होत नाही आणि वजनाने वाकतं.

"आपल्याकडे उन्हाला काय तोटा?" असं तुम्ही म्हणाल. ऊन अंगणात असतं, पण बाळ असतं अंधाऱ्या खोलीत, कुंची-दुपट्यात. आईच्या दुधात सगळं असतं, ड जीवनसत्त्व मात्र फार थोडं, आणि आईलाच कमी असेल तर आणखी थोडं. म्हणून पहिल्या वर्षी बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला डॉक्टर सांगतात, लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंना विचारा. कोवळ्या उन्हात बाळाचे हात-पाय उघडे राहू द्या. वरचं खाणं सुरू झालं की नाचणी द्या. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. तिळाची चटणी आहेच. पण मेडिकलमधून आपल्या मनाने ड जीवनसत्त्वाच्या पुड्या किंवा इंजेक्शनं आणून देत राहू नका, जास्त झालं तर किडनीला त्रास होतो.

रात्री दुखणारे पाय

हे नाटक नसतं. तीन ते बारा वर्षांच्या पुष्कळ मुलांना दिवसभर हुंदडल्यावर संध्याकाळी किंवा रात्री पोटऱ्या, नडग्या, मांड्या दुखतात. दोन्ही पाय दुखतात, सांधे दुखत नाहीत, सकाळी काही नसतं. चोळून द्या, शेकून द्या, जवळ घेऊन झोपवा.

पण दुखणं नेहमी एकाच जागी असेल, सांधा सुजला असेल, सकाळी उठल्यावर पोर अर्धा तास ताठ असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, पोर पांढरं पडत असेल, तर ते साधं दुखणं नाही. संधिवात लहान मुलांनाही होतो. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात कधीकधी हाडं दुखण्यानेच होते. पाठीचं दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं किंवा मणक्यावर उंचवटा दिसला, तर हाडाच्या क्षयाची तपासणी करावी लागते. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, पूर्ण घेतली तर रोग बरा होतो.

मोडलेला हात आणि घट्ट पट्टी

झाडावरून, बैलगाडीवरून पडून कोपराच्या वर हाड मोडणं हे पाच-सहा वर्षांच्या मुलांत फार दिसतं. घरचे आधी हाडवैद्याकडे नेतात. तो जवळ आहे, ओळखीचा आहे, पैसे कमी घेतो, मला हे सगळं समजतं. काही मोडलेली हाडं त्याच्या हाताखाली जुळतातही, कारण मुलांची हाडं जुळायलाच बसलेली असतात. पण कोपराजवळच्या मोडण्यात धोका वेगळा आहे. तिथून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. आधीच सूज, त्यावर बांबूच्या कामट्या आणि करकचून पट्टी बांधली, तर रक्त खाली पोचत नाही. काही तासांतच हाताचे स्नायू मरायला लागतात. हाड जुळतं, पण पंजा आखडलेला राहतो, पाटीवर लिहिता येत नाही. कधी हातच कापावा लागतो.

म्हणून पडल्यावर हात ओढायचा नाही, चोळायचा नाही, 'बसवायचा' नाही. आहे त्या स्थितीत पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची जाड घडी खाली धरून ओढणीने सैल बांधा आणि एक्स-रे असेल तिथे न्या. पट्टी किंवा प्लास्टर कुणीही बांधलेलं असो, हाडवैद्याने किंवा मोठ्या डॉक्टरने, त्यानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, बोटं गार, निळी किंवा बधिर झाली, बोट सरळ करताना पोर किंचाळलं, तर पट्टी लगेच सैल करा आणि रुग्णालयात पळा. प्लास्टर असेल तर ते कापायला तिथेच जावं लागेल, तारीख नसली तरी.

आणि हो, दोन-तीन वर्षांच्या पोराला गर्दीत एका हाताला धरून झटका देऊन उचलू नका. कोपराचं हाड जागेवरून सरकतं.

वारंवार पडणारा मुलगा

हे लिहायला जड जातं, पण वगळून चालणार नाही. मुलगा तीन-चार वर्षांचा आहे, सारखा पडतो, चवड्यावर चालतो, पायऱ्या चढताना थकतो, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या जाड. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत स्वतःच्या अंगावर चढल्यासारखा उठतो. हा आळस नाही. ड्यूशेन नावाचा स्नायूंचा आजार असू शकतो, तो जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो. साध्या रक्ततपासणीने पहिला अंदाज येतो.

हा आजार आज पूर्ण बरा होत नाही. दहा-बारा वर्षांच्या आसपास बऱ्याच मुलांचं चालणं थांबतं. तरीही लवकर कळणं उपयोगाचं आहे : औषधांनी आणि व्यायामाने चालण्याची वर्षं वाढतात, छाती-हृदयाकडे वेळेत लक्ष देता येतं, आणि पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला घेता येतो. 'पूर्ण बरा करतो' म्हणून हजारो रुपये मागणारे भेटतील, त्यांच्यासाठी गटातून कर्ज काढू नका. हा दोष पुष्कळदा आईकडून आलेला असतो, पण तिच्या पोटी तो तिच्या नकळत असतो. तिला बोल लावण्याआधी हे आठवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये हा स्नायूंचा आजार स्वतंत्रपणे धरला आहे. म्हणून अशा मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड काढून घ्या.

कुठे दाखवायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत असते. आत वळलेलं पाऊल, सरकलेला खुबा, मुडदूस, तिन्ही त्यांच्या यादीत आहेत. त्यांनी चिठ्ठी दिली की पुढचा उपचारही मोफत होतो, त्यामुळे ती चिठ्ठी सांभाळा. क्लबफूटसाठी बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत ठरावीक वार असतो. आशाताईकडून वार आधी विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जात नाही. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर रेशनकार्ड घेऊन आधी विचारा, खिशातून पैसे नंतर काढा.

पथक येतं त्या दिवशी नेमकी कापूस वेचणी असते, पोरं शेतात असतात, असं फार होतं. म्हणून पुढच्या बैठकीला अंगणवाडीताईंकडून पथकाची तारीख घेऊन या, इतिवृत्तात लिहा, आणि कुणाच्या घरच्या कोणत्या लेकराला त्या दिवशी न्यायचंय, ते त्याच पानावर नावानिशी लिहून ठेवा.